सेहेचाळीस पोत्यांचा स्लॅब

वैशाख लागला की आमच्या वसाहतीत कोकिळेच्या आधी मिक्सर ओरडायला लागतो. अर्धापूरच्या रस्त्याला लागून शेतं मोडून जे प्लॉट पाडलेत, त्यातल्या निम्म्यांवर या दिवसांत कुणाचा ना कुणाचा स्लॅब पडत असतो. पावसाच्या आत छत झालं पाहिजे, अशी प्रत्येकाला घाई. तापलेल्या सळयांचा वास, ओल्या गोणपाटांचा वास, रस्त्यावर सांडलेली वाळू, तिच्यावरून घसरणाऱ्या स्कूट्या, आणि या सगळ्याच्या मधोमध खुर्ची टाकून बसलेला घरमालक. गळ्यात टॉवेल, हातात मोबाइल आणि तोंडात एकच शब्द: अंदाजे. हा माणूस मला अजिबात आवडत नाही. दरवर्षी त्याचं नाव बदलतं, टॉवेलाचा रंग बदलतो, बाकी तो तोच असतो.

अंदाज हा शब्द तसा वाईट नाही. माझी आई पोह्यांत मीठ अंदाजानं टाकायची आणि ते कधी चुकलं नाही. पण तो रोजच्या हाताचा अंदाज होता. जन्मात एकदा घर बांधणारा माणूस कशाच्या जोरावर अंदाज करतो? हीच माणसं आंबे घेताना देठ हुंगून बघतात, खरबूज तीनदा वाजवतात, पोरीला स्थळ बघताना मुलाच्या मामाच्या मामापर्यंत चौकशी करतात. डोक्यावर जन्मभर राहणाऱ्या छताचा प्रश्न आला की मात्र "लागतील पन्नास-साठ पोती" म्हणून मोकळी होतात. वर ते इतक्या आत्मविश्वासानं म्हणतात की ऐकणाऱ्याला आपलंच काही चुकतंय असं वाटावं.

मापांची तर बातच सोडा. वाळू ब्रासनं मोजतात. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, हे पुस्तकात. प्रत्यक्षात गाडीवाला जे ओतून जातो त्याला ब्रास म्हणायचं, आणि मालकानं ढिगाकडे बघून जाणत्यासारखी मान हलवायची. टेप लावून ढीग मोजलेला एक माणूस मी आजवर पाहिला नाही. पुढं मिक्सरमध्ये माल टाकताना माप घमेल्याचं. वाळूचं घमेलं शिगोशीग, गिट्टीचं त्याहून वर, आणि पाणी म्हणाल तर नळीला तोटीच नसते. माल पातळ झाला की पसरायला सोपा जातो, म्हणून तो पातळच होतो. मालक खुर्चीवरून बघत असतो आणि "होऊ द्या, होऊ द्या" म्हणत असतो.

मी नांदेडच्या एका शाळेत बावीस वर्षं गणित शिकवते. नववीला घनफळ शिकवताना दरवर्षी मागच्या बाकावरून प्रश्न येतो, "मॅडम, याचा उपयोग काय?" पूर्वी मी रागवायची. आता मी खिडकीबाहेर बोट दाखवते. शाळेच्या कुंपणापलीकडंही कुणाचा तरी स्लॅब चाललेलाच असतो, आणि खुर्चीवर बसलेला तो माणूस एके काळी अशाच कुठल्या तरी मागच्या बाकावर बसलेला असणार. माझा हा तिरसटपणा आहे, मला माहीत आहे. वर्षातले दहा महिने मी बरी असते. वैशाखात मात्र माझ्या जिभेला धार येते, कारण चार वर्षांपूर्वीच्या वैशाखात आमच्या घराचा स्लॅब टाकला गेला.

तो वैशाख मला वासासकट आठवतो. पत्र्याच्या भाड्याच्या खोलीत आम्ही राहत होतो आणि संध्याकाळी दोघं, म्हणजे मी आणि माझा नवरा संजय, स्कूटीवर बसून आमच्या अर्ध्या घराकडं जात होतो. भिंती झालेल्या, वर आभाळ. केळीचे ट्रक रस्त्यानं जायचे आणि त्यांच्यामागं हिरव्या सालींचा वास रेंगाळायचा. मी प्रत्येक खोलीत जाऊन उभी राहायची. स्वयंपाकघरात थोडा वेळ, झोपायच्या खोलीत थोडा वेळ, आणि सर्वांत जास्त वेळ रस्त्याकडच्या बाहेरच्या खोलीत. ती अण्णांची होती.

अण्णा म्हणजे माझे वडील. मुदखेडच्या स्टेशनवर जन्मभर नोकरी केली, निवृत्त झाले, आई गेली, आणि ते रुळांपलीकडच्या एका भाड्याच्या खोलीत एकटे उरले. मी एकुलती एक. "माझ्याकडं या" म्हणून मी तीन वर्षं मागं लागले होते. ते हसायचे आणि म्हणायचे, "लेकीच्या घरी पाहुणा म्हणून जावं, बाई. बिऱ्हाड घेऊन न्हाई." मग मी नकाशातच खोली काढली. वेगळी, रस्त्यावर उघडणाऱ्या स्वतंत्र दाराची, म्हणजे त्यांना येताजाता कुणाच्या बैठकीतून जावं लागणार नाही. त्या दारासाठी मी सासरी दोन महिने भांडले. नकाशा घेऊन मुदखेडला गेले तेव्हा अण्णांनी चष्मा लावून ते दार बराच वेळ बघितलं. म्हणाले, "छत पडू दे, मग येतो." माझं सगळं त्या छतावर येऊन थांबलं होतं.

आता भायांकडं येते. आमच्याकडं नवऱ्याच्या मोठ्या भावाला भाया म्हणतात. भाया समोर आले की सुनेनं डोक्यावर पदर घ्यायचा आणि त्यांच्याशी तोंडोतोंड बोलायचं नाही. काही सांगायचंच असेल तर नवऱ्याला सांगायचं, नवरा नसेल तर लेकराला, लेकरू नसेल तर दाराच्या चौकटीला. ऐकणारा तीन फुटांवर बसलेला असतो, त्याला सगळं ऐकू येत असतं, तरी निरोप चौकटीमार्फत जातो. मी स्कूटी चालवते, मुख्याध्यापकांशी भांडते, पालकसभेत आवाज चढवते. पण उदगीरहून भाया आले की माझी ओढणी आपोआप डोक्यावर जाते.

भायांचं उदगीरला कापडाचं दुकान. सकाळी महादेवाची पूजा, कपाळाला विभूती, मग गादीवर. माणूस वाईट नव्हे. फक्त आपल्याला काही येत नाही हे त्यांना कधी कुणी सांगितलेलं नाही. आमच्या घराचं वडीलपण अर्थात त्यांच्याकडं. स्लॅबच्या आठ दिवस आधी ते आले, प्लॉटवर खुर्ची टाकली आणि मोबाइलवर आकडेमोड केली. लांबी तीस फूट, रुंदी पंचवीस, जाडी पाच इंच. तीनशे साडेबारा घनफूट. एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग गिट्टी. उत्तर आलं, सेहेचाळीस पोती. त्याच हिशेबात वाळू आणि गिट्टी.

गुणाकार बरोबर होता. तेवढंच बरोबर होतं. तीनशे साडेबारा हे तयार, घट्ट बसलेल्या स्लॅबचं माप. कोरडा माल तेवढाच आणून कसा चालेल? शेंगदाण्यांनी काठोकाठ भरलेल्या डब्यात वरून साखर ओतली तर डबा लगेच उतू जात नाही, साखर फटींत उतरते. हे लाडू करणाऱ्या कुठल्याही बाईला माहीत असतं. गिट्टीच्या फटींत वाळू जाते, वाळूच्या फटींत सिमेंट, वर पाणी पडलं की सगळं मिळून खाली बसतं. शंभर घनफूट स्लॅब पाहिजे तर कोरडा माल दीडशेच्या वर लागतो. माझा आकडा सत्तर पोती होता. सत्तर आणि सेहेचाळीस. यात अंदाजाला जागाच नाही, हा थेट एक तृतीयांश स्लॅब आहे.

आणि गंमत बघा. ज्या भायांनी हा हिशेब केला, ते दिवसभर दुकानात गिऱ्हाइकाला काय सांगतात? "ताई, सुती कापड हाय, पाण्यात आटतंय. बोटभर जास्त घ्या, न्हाई तर बाही आखूड होईल." तीस वर्षं हे वाक्य म्हणणाऱ्या माणसाला काँक्रीट पाण्यात आटेल असा संशयसुद्धा येऊ नये! मी ते पुढं कितीतरी जणांना सांगून हसले आहे. हसताना माझ्या आवाजात जे असतं ते चांगलं नाही, हेही मला कळतं.

मी बोलले. एकदा बोलले, हे इथं नोंदवायला हवं. चौकटीआड उभी राहून संजयला म्हटलं, "अहो, भायांना म्हणावं, हा ओल्या मालाचा हिशेब झाला. कोरडा माल आटतो. सत्तर पोती लागतील."

भाया माझ्यापासून हातभर अंतरावर. त्यांनी संजयकडं बघून उत्तर दिलं, "संज्या, बाईला म्हणावं शाळंतलं गणित शाळंत. हितं अनुभव लागतो. उदगीरला दोन घरं बांधून राहिलो मी."

त्या दोन्ही घरांत पावसाळ्यात पातेली मांडलेली मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलीत. पण संजय हसला. फार नाही, ओठांच्या कोपऱ्यातून, भावाला बरं वाटावं एवढंच. माझी नजर त्या हसण्यावर खिळली.

महेबूब मिस्त्री तिथंच उभा होता. बापापासून स्लॅब टाकणारा माणूस, नांदेडात निम्म्या छतांवर त्याचा हात फिरलेला. तो खाली बघत म्हणाला, "सेठ, मॅडम बराबर बोल्या. सत्तर बोरी लगतीच. कमीत न्हाई बसत."

भायांनी मोबाइल खिशात टाकला. "का रे मिस्त्री, वरची वीस-पंचवीस तुझ्या घराला न्यायची हायत का?"

मिस्त्रीचा चेहरा एकदम बंद झाला. त्यानं कानावरची पेन्सिल काढली, परत लावली. "जी," म्हणाला. "तुमचा माल, तुमचं घर." आणि सळया बांधणाऱ्यांकडं निघून गेला.

त्या दिवशी मला महेबूब मिस्त्रीबद्दल फार आपुलकी वाटली. आता हे आपटणार, हे आम्हा दोघांना माहीत होतं आणि आम्ही दोघंही बोलणार नव्हतो, असं मला वाटलं आणि त्यात एक सुख होतं. पण त्याचं गप्प बसणं आणि माझं एक नव्हतं. त्यानं तोंडावर सांगितलं होतं आणि त्याला चोर ठरवलं गेलं होतं. मला फक्त हसले होते.

स्लॅब सोमवारी धरला, महादेवाचा वार म्हणून. सहाच्या आत भाया उदगीरहून हजर, मिक्सरवर नारळ फुटला, मशीन सुरू झालं. स्लॅबच्या दिवशी मजुरांना गोड जेवण घालायची रीत आहे, म्हणून प्लॉटच्या कडेला मांडव टाकून आम्ही बायका मसालेभात आणि बुंदीच्या तयारीला लागलो. डोक्यावर घमेली घेतलेल्या बायकांची रांग शिडीवरून वर जायची, रिकामी घमेली वरून खाली यायची, आणि मिक्सरची ती घरघर, जिच्यात कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही. सिमेंटची रिकामी पोती मांडवाशेजारी येऊन पडत होती. मी कांदा चिरत होते आणि पोती मोजत होते.

साडेदहाला बावीस पोती रिकामी झाली. मी हात पुसले आणि भिंतींच्या आत गेले. वर स्लॅब कुठवर आला हे खाली उभं राहून कळतं. फळ्यांच्या फटींतून सिमेंटचं पाणी ठिबकतं, आणि ते जिथवर ठिबकतं तिथवर माल पोचलेला असतो. मागच्या भिंतीपासून मी पावलं टाकली. साडेनऊ फूट. निम्मी पोती संपली होती आणि तीस फुटांतला तिसरा हिस्साही झाला नव्हता. माझा आकडा तंतोतंत बरोबर येत होता. त्या अर्धवट काळोखात, डोक्यावर थेंब पडत असताना, मला परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाल्यासारखं वाटलं.

बाहेर आले तर जाऊबाईंनी चहाचा ट्रे हातात दिला. भाया खुर्चीवर, शेजारी संजय, थोडा पलीकडं महेबूब मिस्त्री पाणी पीत उभा. भायांचा फोन वाजला. मिक्सरच्या आवाजात ऐकू येईना म्हणून त्यांनी स्पीकर लावला. वाळू-गिट्टीवाला बोलत होता. "सेठ, आज आणखी एकेक खेप शिल्लक हाय. टाकू का तुमच्याकडं? न्हाई तर अर्धापूरला वळवतो. मंग उद्या दुपारपत्तर काई भेटायचं न्हाई."

भायांनी मागं वळून ढिगाकडं बघितलं. ढीग अजून मोठा दिसत होता. ढीग पहिल्या निम्म्या वेळात नेहमीच मोठा दिसतो. "नको, नको," म्हणाले. "हितंच उरून राहिलंय."

मिस्त्रीनं माझ्याकडं बघितलं.

"घ्या." एवढा एक शब्द मी बोलायला हवा होता. संजयला म्हटलं असतं तरी चाललं असतं, चौकटीला म्हटलं असतं तरी चाललं असतं. डोक्यावरची ओढणी, समोर भाया, चार पाहुणे, रीतभात, सगळ्या सबबी हाताशी होत्या आणि पुढं वर्षभर मी त्या वापरल्या. पण त्यांपैकी एकही खरी नव्हती. आठ दिवसांपूर्वी मी याच माणसासमोर बोलले होते की. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला आनंद होत होता. हे दोघं भाऊ चारचौघांत तोंडघशी पडलेले मला बघायचे होते. संजयच्या ओठांच्या कोपऱ्यातलं ते हसू पुसलेलं बघायचं होतं. मी भायांच्या पुढं ट्रे धरला. त्यांनी कप उचलला, फोन ठेवला. अण्णा त्या वेळी माझ्या डोक्यात आलेच नाहीत.

अडीच वाजता सेहेचाळिसावं पोतं फुटलं. मिक्सर बंद झाला आणि एकदम इतकी शांतता पसरली की रस्त्यापलीकडच्या लिंबावरचे कावळे ऐकू आले. वीस फूट स्लॅब झाला होता. पुढचे दहा फूट नुसत्या सळया आणि खालच्या फळ्या.

मग व्हायचं ते झालं. भायांनी आधी मिस्त्रीला धरलं, "जाड टाकलास तू." मिस्त्रीनं ओल्या मालात सळईचा तुकडा खुपसून दाखवला. पाच इंच. मग वाळूवाल्याला शिव्या झाल्या, कमी ब्रास टाकली म्हणून. मग मजुरांनी सांडलं म्हणून. संजय मोटारसायकल काढून सिमेंट आणायला पळाला आणि तासाभरात पोती घेऊनही आला. पण वाळू नव्हती, गिट्टी नव्हती, आणि वाळूवाल्याचा फोन बंद. आजूबाजूच्या प्लॉटवर उसनवारी मागून बघितली. स्लॅबच्या हंगामात कोण कुणाला वाळू देतो?

मी पंगत वाढली. भायांच्या पानात बुंदी वाढताना जरा जास्तच वाढली. ते मान खाली घालून जेवत होते आणि मी मनातल्या मनात सत्तर, सत्तर म्हणत होते. तेवढं सुख मला नंतर कधीच मिळालं नाही, आणि ते आठवलं की आज स्वतःची किळस येते.

जेवणं झाल्यावर महेबूब मिस्त्री हात धुऊन माझ्याकडं आला. "मॅडम, जोड बाहेरच्या खोलीवर आला."

मला आधी कळलंच नाही. स्लॅब सलग पडला तर एक अंग होतो. मधे थांबला, पहिला माल सुकला आणि दुसऱ्या दिवशी पुढचा माल त्याला चिकटवला, तर ती रेघ कायमची राहते आणि पाणी पहिलं तिथून शिरतं. मागून वीस फूट म्हणजे बाहेरच्या खोलीची आतली भिंत ओलांडून दोन फूट पुढं. नकाशात जिथं मी पलंगाचं चित्र काढलं होतं, त्याच्या बरोबर डोक्याशी.

"काही करता येतं का?" मी विचारलं.

"घासून सिमेंटचं पाणी मारतो. मगर जोड तो जोडच." भांड्यात हात घातलेल्या बायका आमच्याकडं बघत होत्या. "सकाळी फोन आलता तवा तुम्ही बोलल्या असत्या तर भेटली असती वाळू. माझं कोन ऐकते?"

त्यानं ते रागानं म्हटलं नाही. मला वाटतं त्याला खरंच नवल वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता उरलेला दहा फुटांचा तुकडा पडला. पुढचे पंधरा दिवस मी उजाडताच जाऊन स्लॅबवर पाणी भरायची. सिमेंटच्या छोट्या आळ्यांत पाणी साचायचं, त्यात सकाळचं आभाळ पडायचं, कुठून तरी चिमण्या अंघोळीला यायच्या. घराच्या सगळ्या कामांत मला आवडलेलं ते एकच काम. आणि दररोज, पाणी जिरलं की ती रेघ दिसायची. पेन्सिलीनं पट्टी धरून मारल्यासारखी, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मी तिच्यावर जास्त पाणी ओतायची. त्यानं काही होत नाही हे माहीत असून ओतायची.

अण्णा पुढच्या पाडव्याला आले. एक ट्रंक, एक वळकटी, आईचा फोटो. स्वतःच्या दारात खुर्ची टाकून केळीचे ट्रक मोजायचे. महिन्याभरात वसाहतीतली निम्मी माणसं त्यांच्या ओळखीची झाली. ते आल्यावर घरात माझा आवाज खालच्या पट्टीत यायला लागला, असं संजयच म्हणाला.

जुलैत झड लागली. तिसऱ्या दिवशी अण्णांच्या उशीवर थेंब पडला. आम्ही पलंग सरकवला तर दार अडलं. दार मोकळं केलं तर पाय ओले. मग एक बादली आली, मग दोन. दररोज सकाळी मी खोलीत जायची तेव्हा पलंग वेगळ्याच जागी असायचा, त्यांनी एकट्यानं ओढलेला. एक शब्द त्यांनी तक्रार केली नाही. उलट संजयला म्हणायचे, "नवं घर हाय, बसंल हळूहळू." आम्ही वर तीन प्रकारचे रंग लावले, रबरासारखं कसलं तरी रसायन थापलं. त्यांचे विक्रेते हा एक वेगळाच तिरस्करणीय विषय आहे, तो आज नको. दसऱ्याच्या आधी अण्णांनी ट्रंक भरली. म्हणाले, "तिकडं गाडीचा आवाज असतो, बाई. हितं झोप लागंना." भाया त्या सुमारास आले होते. पान लावत म्हणाले, "म्हाताऱ्या माणसाला एका जागी करमत न्हाई." मी चौकटीमार्फतही उत्तर दिलं नाही.

यंदा समोरच्या प्लॉटवर स्लॅब आहे. मालक तलाठी. गेल्या आठवड्यात फाटकात उभं राहून मोबाइल दाखवत होते, "मॅडम, आता ॲप हाय. लांबी-रुंदी टाकली की पोती सांगतंय." मी त्यांच्या हातातून मोबाइल घेतला, आकडा बघितला आणि तिथल्या तिथं त्यांच्याच वहीच्या पाठीवर हिशेब मांडून दिला. ओला माल, कोरडा माल, ब्रास, पोती, सगळं. ते आधी हिरमुसले, मग मिस्त्रीला विचारलं, मग खेप वाढवली. काल वसाहतीत सांगत होते की ॲपमध्ये थोडी दुरुस्ती करून घेतली. सांगू देत. मला त्यांचा रागसुद्धा आला नाही. चार वर्षं उशिरा बोललं की राग कुणावर काढायचा?

गेल्या रविवारी मुदखेडला गेले होते. दरवर्षी जाते, वैशाखात, पावसाच्या आधी. यंदा वर फरशी बसवली, आता गळणार नाही, चला म्हणून सांगायला. अण्णा दारातच बसले होते. शेजारच्या शांताबाई निवडायचं सूप घेऊन आल्या आणि माझ्यादेखत त्यांना म्हणाल्या, "लेकीचं येवढं चांगलं घर, अन् तुम्ही हितं एकटे. बरं दिसतंय का?"

अण्णांना ते लागलं. ते मला वाचवायला निघाले.

"तिचा काय दोष त्यात? घर बांधताना हिला कुणी इचारलंच न्हाई. ती माणसं अंदाजानं माल आणून बसली. माझ्या पोरीला कळलं असतं ना माल कमी हाय, तर भायाच्या तोंडावर सांगितलं असतं तिनं. पदर-बिदर काई बघितला नसता." शांताबाईंनी माझ्याकडं कौतुकानं बघितलं. अण्णांनी गुडघ्यावर हात ठेवला आणि आवाज खाली आणला. "त्या घरात आपल्यासाठी तोंड उघडणारं माणूस हाय, म्हणून तर मी जायला कबूल झालतो. का गं, खरं का न्हाई?"

"हाव, अण्णा," मी म्हणाले.